छातीला नळी लावणारे पहिले डॉक्टर: ज्या आजाराची ओळख पटवली, त्यानेच त्यांचा जीव घेतला

खोकला आठ-दहा दिवस झाले तरी जात नाही. अंगात कणकण आहे, रात्री नीट झोप लागत नाही. शेवटी आपण दवाखाना गाठतो. डॉक्टर गळ्यातली नळी कानाला लावतात, तिचं थंडगार टोक पाठीवर टेकवतात आणि तोंड उघडून जोरात श्वास घ्यायला सांगतात. आधी इथे, मग तिथे, मग जरा खाली. मिनिटभरात तपासणी संपते. साधी सर्दी छातीत उतरली आहे, दम्याची शिट्टी वाजते आहे की न्यूमोनिया झाला आहे, याचा पहिला अंदाज त्या मिनिटभरात बांधला जातो.

पण डॉक्टर नेमकं ऐकतात काय? आणि छातीतल्या कुठल्या आवाजाचा अर्थ काय, हे सगळ्यात आधी कुणी ठरवलं?

त्या माणसाचं नाव रेने लेनेक. स्टेथोस्कोप त्यांनीच शोधला, एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं. कागदाच्या सुरळीचा किस्साही अनेकांनी ऐकलेला असतो. पण त्यांचं खरं मोठं काम सुरळी गुंडाळल्यानंतर सुरू झालं. आणि त्यांच्या गोष्टीचा शेवट तर फारच कमी लोकांना ठाऊक आहे.

गिलोटिनच्या सावलीतलं बालपण

१७ फेब्रुवारी १७८१ रोजी फ्रान्सच्या वायव्येकडच्या ब्रिटनी प्रांतात, कँपेर नावाच्या गावी रेनेचा जन्म झाला. समुद्रकाठचा हा प्रदेश. इथल्या लोकांची स्वतःची ब्रेटन भाषा आहे, ती फ्रेंचपेक्षा पूर्ण वेगळी.

रेने पाच वर्षांचा असताना आई गेली. वडील वकील होते, पण पैसा उडवणारे आणि जबाबदारी टाळणारे. त्यांनी मुलांना नातेवाइकांकडे पाठवून दिलं. रेने नांत शहरात काकांकडे आला. काका गियोम लेनेक हे शहरातले नावाजलेले डॉक्टर होते. रेनेला घर मिळालं आणि पुढच्या आयुष्याची दिशाही तिथेच मिळाली.

काळ मात्र भयंकर होता. १७८९ साली फ्रेंच राज्यक्रांती झाली आणि काही वर्षांतच नांतमध्ये कत्तली सुरू झाल्या. काकांचं घर ज्या चौकाजवळ होतं, तिथेच गिलोटिन उभं केलेलं होतं. शाळकरी वयात रेनेने मरण असं रोज जवळून पाहिलं.

वयाच्या चौदाव्या वर्षी तो काकांच्या हाताखाली वैद्यक शिकू लागला. जखमी सैनिकांच्या मलमपट्ट्या करत, रुग्णालयात राबत तो तयार झाला. तब्येत मुळात नाजूक. अंगाने किरकोळ. बासरी वाजवण्याचा नाद होता. त्याने डॉक्टर होऊ नये, असा वडिलांचा आग्रह होता. रेनेने तो मानला नाही.

आजार बाहेरून कसा ओळखायचा?

१८०१ साली वीस वर्षांचा रेने पॅरिसला आला. तिथे त्याला जाँ-निकोला कॉर्व्हिझार यांच्यासारखे गुरू मिळाले. कॉर्व्हिझार हे पुढे नेपोलियनचे डॉक्टर झाले. १८०३ साली रेनेने वैद्यक आणि शस्त्रक्रिया या दोन्ही विषयांत पहिलं बक्षीस मिळवलं आणि १८०४ साली तो डॉक्टर झाला.

त्या काळी डॉक्टर रुग्णाची नाडी बघत, जीभ बघत, लघवी बघत. रुग्ण जे सांगेल ते ऐकून घेत. पण छातीच्या पिंजऱ्याआड काय चाललं आहे, हे कळायला फारसा मार्गच नव्हता. खोकला, ताप, धाप आणि बरगडीत दुखणं ही लक्षणं न्यूमोनियात असतात, छातीत पाणी झालं तरी असतात आणि क्षयातही असतात. त्यामुळे रोगी जिवंत असताना निदान म्हणजे बराचसा अंदाजच असे. नेमकं काय झालं होतं ते कळायचं रोगी गेल्यावर, शवविच्छेदनाच्या टेबलावर.

पॅरिस या बाबतीत जगाच्या पुढे होतं. तिथल्या सरकारी रुग्णालयांत मेलेल्या रुग्णांचं विच्छेदन नियमित व्हायचं. त्यामुळे डॉक्टरांना फुफ्फुसाचे आजार आतून कसे दिसतात हे कळू लागलं होतं. अडचण एकच होती, हे ज्ञान रुग्णाच्या काही कामाचं नव्हतं.

एक वाट मात्र सापडली होती. ऑस्ट्रियातले डॉक्टर लिओपोल्ड आउएनब्रुगर यांनी १७६१ साली छातीवर बोटांनी ठोकून बघण्याची पद्धत मांडली होती. त्यांचे वडील खानावळ चालवायचे. दारूचं पिंप किती भरलं आहे हे त्यावर ठोकून कळतं. रिकाम्या भागाचा आवाज पोकळ येतो, भरलेल्याचा बद्द. हवेने भरलेलं फुफ्फुस आणि पाणी साचलेली छाती यांच्यातही हाच फरक असतो. अनेक वर्षं या पद्धतीकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १८०८ साली कॉर्व्हिझार यांनी तिचं फ्रेंच भाषांतर केलं आणि ती विद्यार्थ्यांना शिकवली. लेनेक त्यांतलेच एक.

सुरळी

१८१६ साली लेनेक पॅरिसच्या नेकर रुग्णालयात रुजू झाले. वय ३५. याआधी १८१० साली त्यांच्या भावाचा क्षयाने बळी घेतला होता. क्षयावर आयुष्यभर काम करणारे त्यांचे डॉक्टर मित्र गास्पार बेल हेही १८१६ सालीच क्षयाने गेले.

याच वर्षी लेनेक यांच्यापुढे एक तरुण स्त्री आली. हृदयविकाराची लक्षणं दिसत होती. शरीर स्थूल असल्यामुळे ठोकून काही कळेना. दुसरा उपाय म्हणजे छातीला थेट कान लावणं. हा उपाय फार जुना, पण तरुण स्त्रीच्या छातीला पुरुष डॉक्टरने कान लावणं त्या काळात अशक्यच होतं.

तेव्हा त्यांना ध्वनिशास्त्रातली एक साधी गोष्ट आठवली. लाकडी तुळईच्या एका टोकाला टाचणीने ओरखडलं आणि दुसऱ्या टोकाला कान लावला, तर ती बारीक खरखर स्पष्ट ऐकू येते. लेनेक यांनी कागदांची एक वही घेतली, घट्ट गुंडाळून सुरळी केली, एक टोक त्या स्त्रीच्या छातीवर ठेवलं आणि दुसरं आपल्या कानाला. हृदयाचे ठोके थेट कान लावल्यावर येतात त्याहूनही स्वच्छ ऐकू आले.

दुसरा कुणी असता तर एवढ्यावर खूश होऊन थांबला असता. लेनेक यांच्या मनात मात्र पुढचा विचार आला. हृदय ऐकू येतं, तर श्वासही ऐकू यायला हवा. बोलताना छातीत होणारी थरथरही ऐकू यायला हवी. आणि फुफ्फुस आजारी पडलं, तर हे आवाज बदलायला हवेत.

त्यांनी निरनिराळी साहित्यं वापरून पाहिली. काच आणि धातूपेक्षा हलकं लाकूड चांगलं निघालं. मग घरच्या लेथवर स्वतःच्या हाताने त्यांनी नळ्या घडवल्या. साधारण फूटभर लांब, मधून भोक असलेला लाकडी दांडा. एका टोकाला काढता-घालता येणारं बूच. हृदय आणि आवाज ऐकायचा तर बूच आत, श्वास ऐकायचा तर बूच बाहेर. ग्रीक भाषेतल्या छाती आणि पाहणे या दोन शब्दांवरून नाव पडलं, स्टेथोस्कोप. स्वतः लेनेक बऱ्याचदा त्याला नुसतं सिलिंडर म्हणत.

तव्यावरचं मीठ आणि शेळीचा आवाज

पुढची जवळपास तीन वर्षं लेनेक ऐकत राहिले. रोज सकाळी वॉर्डात एकेका रुग्णाच्या छातीचा एकेक भाग ऐकायचा आणि काय ऐकलं ते लिहून ठेवायचं. रुग्ण बरा झाला तर आवाज कसा बदलत गेला ते नोंदवायचं. रुग्ण दगावला, तर शवविच्छेदन करून आधी लिहिलेलं खरं ठरतं का ते तपासायचं.

त्यांच्या कामाचा गाभा हाच आहे. नुसता आवाज ऐकून त्याला अर्थ चिकटवणं कुणालाही जमलं असतं. आपण ऐकलेलं चूक ठरू शकतं, हे धरून चालणारे आणि प्रत्येक वेळी पडताळून पाहणारे ते होते.

सुरुवातीच्याच दिवसांत असं झालं. साधारण २८ वर्षांची एक स्त्री, किरकोळ ताप आणि नुकताच सुरू झालेला खोकला. गळ्याच्या हाडाखाली नळी ठेवून ते तिला बोलायला सांगत होते. एका छोट्याशा जागेवर तिचा आवाज तोंडातून न येता थेट छातीतून, नळीतून कानात आल्यासारखा वाटला. बाकी कुठेच तसं नव्हतं. लेनेक यांनी रुग्णालयातले इतर रुग्ण तपासले. सुमारे वीस जणांमध्ये तोच प्रकार आढळला आणि त्यांतले बहुतेक क्षयाचे होते. पुढे त्यांतल्या काहींचा मृत्यू झाला. विच्छेदनात त्याच जागी फुफ्फुसात पोकळी सापडली. क्षयाने फुफ्फुस पोखरून झालेल्या त्या पोकळीतून आवाज घुमत येत होता.

अशा एकेका आवाजाला त्यांनी नाव दिलं आणि त्याचा अर्थ लावला. न्यूमोनियाच्या सुरुवातीला श्वास आत घेताना बारीक तडतड ऐकू येते. तापलेल्या भांड्यात मीठ टाकल्यावर होते तशी, असं वर्णन त्यांनी केलं. फुफ्फुसाच्या आवरणात पाणी साचलं की रुग्णाचं बोलणं शेळीच्या बेंबें करण्यासारखं कापरं येतं. श्वासनळ्या अरुंद झाल्या की शिट्टी किंवा घोरल्यासारखा आवाज येतो. आजच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना हे आवाज जवळपास याच वर्णनांनी शिकवले जातात.

या आवाजांसाठी त्यांनी जो फ्रेंच शब्द वापरला, तो लोकांच्या तोंडी मरणाऱ्या माणसाच्या घरघरीसाठी होता. म्हणून रुग्णासमोर बोलताना लेनेक मुद्दाम लॅटिन शब्द वापरत. ऐकणारा घाबरू नये, एवढाच हेतू.

१८१९ साली त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. न्यूमोनियात फुफ्फुस कोणकोणत्या टप्प्यांतून जातं, श्वासनळ्या कायमच्या फुगतात तो आजार कसा असतो, फुफ्फुसात हवा अडकून राहते तेव्हा काय होतं, छातीत पाणी किंवा हवा शिरली तर ती कशी ओळखायची, हे सगळं त्यात होतं. क्षयाबद्दलही त्यांनी ठाम मत मांडलं. क्षयाचे अनेक वेगळे प्रकार आहेत असं तेव्हा मानत. त्यांचे मित्र बेल यांनीही सहा प्रकार सांगितले होते. लेनेक म्हणाले की हा एकच आजार आहे, फक्त टप्पे वेगळे आणि जागा वेगळ्या. हे मत पुढे बरोबर ठरलं.

निदान जमलं, पण औषध कुठे होतं?

सगळ्यांनी या शोधाचं स्वागत केलं नाही. कानाला लाकूड लावून बसणारा डॉक्टर काहींना हास्यास्पद वाटला. लेनेक यांच्या ग्रंथाचं १८२१ साली इंग्रजीत भाषांतर करणाऱ्या डॉ. जॉन फोर्ब्स यांनाही सुरुवातीला वाटत होतं की हे साधन सर्रास वापरात येणार नाही.

पॅरिसमध्ये फ्रांस्वा ब्रुसे हे त्यांचे मोठे विरोधक होते. बहुतेक आजारांचं मूळ दाह आणि त्यावर उपाय म्हणजे जळवा लावून रक्त काढणं, अशी त्यांची शिकवण होती. आजार वेगवेगळे आहेत आणि म्हणून आधी ते वेगळे ओळखले पाहिजेत, हे लेनेक यांचं म्हणणं त्यांना मान्य नव्हतं. या भांडणात ब्रुसे यांच्याकडे एक जमेची बाजू होती. आजार इतका बारकाईने ओळखून करायचं काय, हा प्रश्न खोटा नव्हता.

कारण लेनेक यांच्याकडे खरंच औषध नव्हतं. न्यूमोनियात तेही थोडं रक्त काढत आणि अँटिमनीचं उलटी आणणारं औषध मोठ्या मात्रेत देत. क्षयावर समुद्राची हवा चांगली, असं त्यांचं मत होतं. म्हणून ब्रिटनीच्या किनाऱ्यावरचं समुद्री शेवाळ आणून त्यांनी पॅरिसच्या वॉर्डात क्षयरुग्णांच्या आसपास ठेवलं होतं. त्याचा उपयोग होणं शक्य नव्हतं.

क्षय एकापासून दुसऱ्याला होतो, हेही त्यांना पटलं नव्हतं. विच्छेदन करताना एकदा क्षयाने पोखरलेल्या मणक्यावरून करवत घसरून त्यांचं बोट कापलं होतं. तिथे नंतर गाठ उठली. त्यांनी ती जाळून काढली आणि विषय संपला असं समजले. वर्षानुवर्षं ते क्षयरुग्णांच्या तोंडाजवळ वाकून, त्यांचा खोकला अंगावर घेत छाती ऐकत राहिले.

आपल्याच नळीने सांगितलेलं निदान

ग्रंथ लिहितानाच लेनेक यांची तब्येत ढासळली होती. १८१९ साली ते पॅरिस सोडून ब्रिटनीतल्या आपल्या शेतीवाडीवर, केर्लुआर्नेकला गेले. मोकळी हवा, घोड्यावर रपेट, गावातल्या लोकांशी ब्रेटन भाषेत गप्पा. या भाषेशी त्यांचं नातं जुनं होतं. १८१४ साली पॅरिसच्या रुग्णालयात ब्रिटनीचे जखमी सैनिक आले होते. फ्रेंच येत नसल्याने त्यांना आपलं दुखणं सांगता येईना, तेव्हा लेनेक यांनीच त्यांची देखभाल अंगावर घेतली होती.

१८२१ च्या अखेरीस बरं वाटल्यावर ते पॅरिसला परतले. मानमरातब मिळाले, १८२२ साली कॉलेज द फ्रान्समध्ये प्राध्यापकपद मिळालं. पुढे शारिते रुग्णालयात त्यांच्या वॉर्डात देशोदेशीचे विद्यार्थी शिकायला येऊ लागले. १८२४ साली त्यांनी जॅकेत आर्गू या विधवेशी लग्न केलं.

१८२६ साली ग्रंथाची सुधारलेली दुसरी आवृत्ती आली. तोवर खोकला, ताप आणि धाप यांनी त्यांना घेरलं होतं. लेनेक यांच्याच घराण्यातला मेरियादेक हा तरुण डॉक्टर त्यांचा सहकारी होता. लेनेक यांनी त्याला आपली छाती ऐकायला सांगितली आणि ऐकू येईल ते वर्णन करायला सांगितलं. मेरियादेकने जे आवाज सांगितले, त्यांचा अर्थ समजावून घेण्याची लेनेक यांना गरज नव्हती. तो अर्थ त्यांनीच लावलेला होता. फुफ्फुसात क्षय होता.

ते पुन्हा ब्रिटनीला गेले. १३ ऑगस्ट १८२६ रोजी केर्लुआर्नेकला त्यांचं निधन झालं. वय ४५. मृत्युपत्रात त्यांनी आपला स्टेथोस्कोप मेरियादेकच्या नावे ठेवला होता.

मग त्या ऐकण्याचा उपयोग काय झाला?

लेनेक यांच्यानंतर ५६ वर्षांनी, १८८२ साली जर्मनीत रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधला. १८९५ साली एक्स-रे आला. १९२८ साली पेनिसिलिन सापडलं आणि १९४३ साली क्षयाच्या जंतूंवर चालणारं स्ट्रेप्टोमायसिन. म्हणजे आजार ओळखण्याचं साधन हातात आल्यापासून औषध मिळेपर्यंत सव्वाशे वर्षं गेली.

पण आजार वेगळे करून ओळखले गेले नसते, तर कुठलं औषध कशावर द्यायचं हे कळलंच नसतं. आज नेमका हाच मुद्दा आपल्या रोजच्या खोकल्यापर्यंत येऊन पोचतो.

सर्दी आणि फ्लू विषाणूंमुळे होतात. त्यांवर अँटिबायोटिक चालत नाही. बहुतेकांना विश्रांती, पाणी आणि तापाच्या गोळीने बरं वाटतं. न्यूमोनिया जिवाणूंमुळे झाला असेल, तर तेच अँटिबायोटिक जीव वाचवतं, पण वेळेत सुरू झालं तर. टीबीला वेगळी औषधं लागतात. नव्या साध्या टीबीचा नेहमीचा कोर्स सहा महिन्यांचा असतो आणि तो मध्येच सोडला तर जंतू औषधांना दाद देईनासे होतात. तिन्हींत खोकला असतोच. म्हणून मेडिकलमधून स्वतःच्या मनाने गोळ्या घेणं म्हणजे पुन्हा लेनेकपूर्व काळात जाण्यासारखं आहे.

घरच्या घरी ओळखता येतील अशा काही खुणा आहेत. लहान मूल शांत असताना त्याचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळात ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा जास्त भरले, तर न्यूमोनियाची शंका घेऊन डॉक्टरकडे न्यायला हवं. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा बाळ दूध पीत नसेल, तर अजिबात थांबू नये. मोठ्यांमध्ये दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला, संध्याकाळी येणारा ताप, रात्रीचा घाम, घटणारं वजन, बेडक्यातून रक्त, यांपैकी काहीही असेल तर टीबीची तपासणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात बेडक्याची तपासणी आणि औषधं मोफत मिळतात.

आणि एक गोष्ट विसरू नये. टीबीच्या सुरुवातीला छातीत नळी लावून काहीच ऐकू येत नाही, असंही होतं. छाती स्वच्छ आहे म्हणजे आजार नाही, असं नसतं. म्हणून डॉक्टर एक्स-रे किंवा बेडक्याची तपासणी सांगतात. ऐकलेलं पडताळून पाहायचं, ही सवयही लेनेक यांचीच.

लेनेक यांना आपल्या छातीतल्या आवाजाचा अर्थ कळला, तेव्हा त्यावर करण्यासारखं काहीच त्यांच्या हातात नव्हतं. आज तोच आवाज वेळेत ऐकला गेला, तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. फक्त त्यासाठी खोकला अंगावर न काढता कुणाच्या तरी कानापर्यंत तो पोचवावा लागतो.